शाळेतला संगणकाचा तास आणि ५० केबीचा फोटो

दहावीचा निकाल लागला की महाल, नंदनवन, जरीपटका, नागपुरात कुठेही जा, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांपुढे मुलांची गर्दी दिसते. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, यांतले बरेचसे काम या मुलांना घरबसल्या करता यायला हवे, कारण त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि शाळेत त्यांनी काही वर्षे संगणकाचा तासही केलेला असतो. तरीही ‘फोटो ५० केबीपेक्षा मोठा आहे’ अशी सूचना पडद्यावर आली की ती अडतात आणि दुकानदार दोन मिनिटांत तोच फोटो लहान करून देतो. दुकानदाराबद्दल माझे काही म्हणणे नाही, त्याचा तो धंदा आहे. माझे म्हणणे शाळेतल्या त्या तासाबद्दल आहे.

१०२४ बाइट म्हणजे १ केबी, हे या मुलांना तोंडपाठ असते. मात्र मोबाइलने काढलेला फोटो काही एमबींचा का होतो, तो कातरला किंवा त्याची लांबी-रुंदी कमी केली की आकार का उतरतो, आणि दाखल्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्यावरची अक्षरे पुसट का होतात, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते. व्याख्या वहीत राहते आणि अडचण दुकानात जाते.

घराजवळच्या एका शाळेत मी शनिवारी आठवी-नववीच्या मुलांबरोबर बसतो. मोबाइल सफाईने चालवणाऱ्या या मुलांना फाइल नेमकी कुठे साठवली जाते याची कल्पना नसते, कारण मोबाइलने तो प्रश्न त्यांच्यापुढे कधी येऊच दिलेला नाही. दाखला हवा असेल तर ती व्हॉट्सॲपवर मागे मागे सरकत जाऊन शोधतात. म्हणून फोल्डर करणे, फाइलला अर्थ लागेल असे नाव देणे, ती दुसरीकडे हलवणे आणि तिची प्रत जपून ठेवणे, एवढ्यावरच सुरुवातीचे कित्येक तास खर्च झाले तरी मला ते वाया गेले असे वाटणार नाही.

तक्त्याचा, म्हणजे स्प्रेडशीटचा, धडा तर मुलांना सर्वाधिक रमवतो, फक्त त्यात आकडे त्यांचे स्वतःचे असले पाहिजेत. आम्ही एप्रिलमधले नागपूरचे रोजचे कमाल तापमान वर्तमानपत्रातून उतरवून घेतले आणि सरासरी काढायला सांगितली. एका मुलीने तक्त्याच्या काही घरांत नुसता आकडा लिहिला होता, तर काहींत ‘४४ अंश’ असे शब्दासकट. सरासरी आली, पण अपेक्षेपेक्षा कमी, कारण शब्द असलेली घरे संगणकाने मजकूर समजून हिशेबातून वगळली होती आणि नेमके तेच दिवस अधिक तापलेले होते. सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते, हे तिने स्वतः शोधून काढले. आकडा आणि मजकूर यांतला भेद तिला आता वेगळा शिकवावा लागणार नाही.

मराठी टंकलेखनाकडे शाळा जवळजवळ पाहतच नाहीत, याचे मला नवल वाटते. इनस्क्रिप्ट कळफलक आपल्या वर्णमालेला धरून रचलेला आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’. हीच मांडणी हिंदीलाही चालते, म्हणजे नागपूरच्या मुलाला एका कष्टात दोन भाषा मिळतात. शिवाय कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा का दिसतो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समान असलेल्या अक्षरसंकेतात, तसे का होत नाही, हे याच वयात सहज समजते.

आता कोडिंग. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख केला आणि तेव्हापासून शाळांच्या जाहिरातींत तो शब्द ठळक झाला. कोडिंगला माझा विरोध नाही, पण स्वतःची फाइल सापडत नसलेल्या मुलाला आधी कोडिंग शिकवणे हा क्रम मला पटत नाही. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या मदत क्रमांकावर तातडीने कळवायचे, हेही कोडिंगच्या आधी यावे. एरवी दहावीची सुटी लागली की पालक पुन्हा पैसे भरून मुलांना एमएस-सीआयटी या संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला घालतात. २००१पासून चालत आलेला तो अभ्यासक्रम चांगलाच आहे. पण माउस कसा धरायचा इथपासूनची सुरुवात तिथे करावी लागत असेल, तर शाळेने केले काय?

यंत्रे नाहीत, ही सबब काही शाळांबाबत खरी आहे. बऱ्याच शाळांत मात्र यंत्रे आहेत, खोली आहे आणि खोलीला कुलूपही आहे. शिक्षक दुसऱ्या कामावर गेले की पहिला बळी संगणकाच्या तासाचा जातो. एका यंत्रावर तिघे बसले तरी चालेल, माउस दर दहा मिनिटांनी हात बदलला पाहिजे. परीक्षाही लेखी नको. कोऱ्या पडद्यावर अर्धा पान मराठी मजकूर, एक तक्ता आणि ५० केबीत बसवलेला फोटो, हे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून ईमेलने पाठवणे, एवढीच परीक्षा घ्यावी. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत संगणक कक्षाची नोंदवही मागावी आणि मागच्या महिन्यात कोणत्या वर्गाला तिथे किती तास मिळाले, हे मुख्याध्यापकांसमोर वाचून घ्यावे.