बुडापेस्टला गरम पाण्यात डुंबायला चाललाय? मग एवढं कराच

मागच्या महिन्यात आम्ही तीन जोडपी बुडापेस्टला जाऊन आलो. दोन रात्री, तीन दिवस, म्हणजे हल्ली ज्याला सिटी ब्रेक म्हणतात ते. ब्रेक कसला डोंबलाचा, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत नुसती पायपीट. त्यातली दुसरी संध्याकाळ थर्मल बाथसाठी (जमिनीतल्या गरम पाण्याचे सार्वजनिक हौद) होती. म्हणजे मी ती राखून ठेवली होती आणि बाकीच्यांनी यादीत लिहून ठेवली होती, आणि या दोन गोष्टींत काय फरक असतो ते मला त्या संध्याकाळी छातीभर पाण्यात उभं राहून कळलं. तुम्हीही जाणार असाल तर माझे अनुभवाचे चार बोल ऐकून ठेवा. फुकट आहेत.

सगळ्यात आधी, जायच्या आधी काही वाचायचं नाही. शहरात शंभराच्या वर गरम झरे आहेत, कुठल्याही दारात शिरलं की पाणी सापडणारच. गेलेर्ट नावाच्या बाथच्या फोटोतले ते खांब, त्या टाइल्स आवडल्यात ना, मग टॅक्सी करून सरळ तिथेच जा. ते २०२५ च्या ऑक्टोबरपासून नूतनीकरणासाठी बंद आहे, पण ही गोष्ट बंद दारासमोर उभं राहूनच कळली पाहिजे, मोबाईलवर आधी कळण्यात काय मजा! तिथून रुदाश बाथला. सोळाव्या शतकात तुर्कांनी बांधलेलं, घुमटाखाली अष्टकोनी हौद, फार सुंदर. आता त्या तुर्की भागात आठवड्यातले काही दिवस फक्त पुरुषांचे असतात आणि मंगळवार फक्त बायकांचा, तेव्हा जोडीने जायचं ते मंगळवार बघूनच जायचं आणि काउंटरवरच्या बाईंना "वुई आर फॅमिली" असं सात वेळा समजावून सांगायचं. आठव्यांदा त्या ऐकतीलच.

आम्ही सेचेनी बाथला गेलो. जाताना ती पिवळी मेट्रो घ्यायची. १८९६ ची आहे, चार पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म, आणि डबे इतके छोटे की आमच्यातले एक दादा चढल्या चढल्या म्हणाले, "ही मेट्रो आहे की खेळणं?" या दादांना लक्षात ठेवा, पुढे येणारेत.

पोचायचं ते बंद व्हायच्या तास-दीड तास आधी. दिवसभर पार्लमेंट, किल्ला, सगळे पूल बघून पायांचे तुकडे पडल्याशिवाय गरम पाण्याकडे फिरकायचंच नाही.

तिकिटाच्या खिडकीपाशी पोचल्यावर मग चर्चेला सुरुवात करायची. लॉकर घ्यायचा की केबिन? केबिन एकच घ्यायची आणि बाकीच्यांनी लॉकर? मग बायका केबिनमध्ये आणि पुरुष लॉकरला की जोडीजोडीने? टॉवेल भाड्याने घ्यायचा की हॉटेलचा आणलेला पुरेल? कोणी आणलाय? मला वाटलं तू आणलायस. ही चर्चा रांगेत उभं असताना करता येत नाही, तिथे फोटो काढायचे असतात. ती खिडकीतल्या बाईंच्या तोंडावरच करायची, मागे वीस माणसं थंडीत ताटकळत असताना, आणि मधेच फोरिंटचे रुपये किती होतात याचा हिशोबही करायचा. आमची सव्वीस मिनिटं गेली. मी मोजली.

चपला नेऊ नका. बाहेर दोन डिग्री असताना ओल्या फरशीवरून अनवाणी पळत हौदापर्यंत जाण्याचं सुख वेगळंच.

पोहायच्या तलावात टोपीशिवाय उतरू देत नाहीत, तर शिट्टी वाजेपर्यंत उतरून घ्या.

आणि हो, आधी शॉवर. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्या असं चित्र काढून लावलेलं असतं. ते चित्र इतर लोकांसाठी आहे. आपण सकाळी हॉटेलवर अंघोळ केलेली आहे की. त्यानंतर बारा किलोमीटर चाललो, जाडजूड जॅकेटमध्ये घामाघूम झालो, दोनदा सनस्क्रीन फासलं, फोटोसाठी परफ्यूम मारला (फोटोत वास येतो का, हे मी विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही), पण अंघोळ ती अंघोळ, दिवसातून एकदा झाली की झाली. शिवाय गरम पाण्यातच तर चाललोय, तिथे होईलच ना धुऊन! होतं. सगळं धुऊन होतं. ते जातं कुठे हा विचार शेजारी हनुवटीपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाने करायचा.

कपड्यांचं म्हणाल तर कॉस्च्युमवर खर्च कशाला, बर्म्युडा आहे, आत रोजची चड्डी आहे, वर सुती टीशर्ट आहे. तो टीशर्ट पाण्यात असा फुगतो की लांबून कोणी वाचवायलाच येईल.

आता मुख्य मुद्दा. फोन.

फोन न्यायचाच. तो लॉकरमध्ये ठेवला तर तुम्ही पाण्यात गेला होतात याला पुरावा काय? त्यासाठी प्लास्टिकची गळ्यात अडकवायची पिशवी मिळते, ती घ्या. मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवलं तरी चालेल पण ही पिशवी गळ्यात पाहिजे. मग हौदात उतरायचं. इथे जरा कल्पना करा, म्हणजे किती मोठी संधी आहे ते कळेल. काळोख पडलेला, चारी बाजूंनी पिवळी इमारत, तिच्यावर पिवळे दिवे, हौदातलं पाणी ३८ अंश आणि वरची हवा बर्फासारखी, त्यामुळे पाण्यावर वाफेची अशी दुलई की पाच फुटांवरचं माणूस धूसर दिसतं. कोणी बोलत नाही असं नाही, पण हळू बोलतात. पाणी हौदात पडतंय त्याचा आवाज ऐकू येतो. मला दिवसभरात पहिल्यांदा खांदे खाली आल्यासारखं वाटलं. दोन मिनिटं. फार तर तीन.

आणि मग दादांचा व्हिडिओ कॉल लागला. स्पीकरवर.

"आई, बघ गं! दिसतंय का? अगं गरम आहे गरम! नाही, गिझर नाही, जमिनीतूनच येतं! थांब, तुला सगळं दाखवतो." आणि मग फोन डोक्यावर धरून दादा गोल फिरले. गोल म्हणजे पूर्ण, ३६० अंश. त्या फेरीत कोण कोण आलं सांगते. एक जोडपं आलं, जे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून बसलं होतं. दोन मुली आल्या, त्यांनी पटकन पाण्यात मान घातली. फुलाफुलांची टोपी घातलेल्या एक आजी आल्या, सत्तरी तरी असेल, त्यांनी हात तोंडापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने "नको" अशी खूण केली. दादांना वाटलं त्या टाटा करतायत. त्यांनी त्यांना टाटा केला. पलीकडून आई म्हणाल्या, "अरे त्या बाईंना थंडी नाही का वाजत अशा कपड्यात?" हे अख्ख्या हौदाला ऐकू गेलं. मराठीत होतं म्हणून वाचलो.

पण कॉलवर भागतं होय? रील राहिली ना. सेचेनीची रील म्हणजे त्यात बुद्धिबळ पाहिजेच. तिथे पाण्यात पट मांडून खेळत बसलेली म्हातारी माणसं असतात, तिथल्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतात, आणि ती पोस्टकार्डासाठी नेमलेली नसतात हो, ती खरोखर खेळत असतात. दोन आजोबा होते. डाव रंगात आलेला, एकाची बोटं प्याद्यावर, उचलू की नको असं चाललेलं. दादा वाफेतून तिथे प्रकटले. पाठ पटाकडे, तोंड कॅमेऱ्याकडे, एक हात लांब, आणि दुसरा हात "हे बघा मित्रांनो" असं म्हणत मागे. कोपर लागलं पटाला. तीन-चार सोंगट्या पाण्यात. पांढरा घोडा तरंगत तरंगत निघाला आणि वाफेत दिसेनासा झाला.

घोडं गंगेत न्हालं म्हणतात ते असं.

दादा म्हणाले, "सॉरी सॉरी," आणि त्याच दमात, "वन फोटो?"

मी तेव्हा काय केलं? मी पाण्यात बुडी मारली. खरंच मारली, वीस सेकंद खाली होते, वर आले तरी दादा तिथेच.

या पाण्याची गंमत सांगते, म्हणजे कुणाला तरी सांगायलाच हवी, तिथे कोणाला ऐकायची नव्हती. विल्मोश झिग्मोंडी नावाचा एक इंजिनियर होता, त्याने, हे बाथ ज्या बागेत आहे त्या सिटी पार्कात, विहीर खणायला घेतली. दहा वर्षं खणत होता. दहा! ९७० मीटर खाली गेला, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर सरळ जमिनीच्या पोटात, आणि १८७८ मध्ये ७४ अंशांचं पाणी लागलं. त्या काळातली यंत्रं डोळ्यांसमोर आणा. पुढे १९१३ मध्ये ही इमारत उघडली. ज्या पाण्यासाठी एक माणूस दहा वर्षं थांबला त्यात तुम्हाला दहा मिनिटं फोनशिवाय बसवत नाही?

आणि तिथली माणसं काय आपल्यासारखी "एक्सपिरियन्स" घ्यायला येतात का, गुडघे दुखतात म्हणून येतात, कंबर धरली म्हणून येतात, तिथे डॉक्टर चिठ्ठीवर हे उपचार लिहून देतात. लुकाच म्हणून दुसरं एक बाथ आहे, त्याच्या आवारात भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, इथल्या पाण्याने बरे झालो म्हणून लोकांनी आभार मानून लावलेल्या. आता अशा ठिकाणी कोणी ट्रायपॉड लावतं का? लावतं. आमच्या ग्रुपने लावला. पाण्याच्या काठावर, पायऱ्यांच्या बरोबर मधे, जिथून गुडघे दुखणारी माणसं कठडा धरून उतरतात तिथे. एक बाई थांबल्या होत्या तो हलायची वाट बघत, अंगावर फक्त कॉस्च्युम, बाहेर दोन डिग्री, आणि आमच्यातली एक म्हणते, "एकच टेक राहिलाय." एकच टेक! नवऱ्याने वाफेतून हळूहळू बाहेर यायचं होतं म्हणे. पाच वेळा आला. दर वेळी तोंड वेगळं करून.

असो. सल्ले चालू ठेवते.

वीस मिनिटांच्या वर सलग बसू नका असं तिथे सांगतात, त्यामुळे सव्वा तास बसा, तिकिटाचे पैसे वसूल व्हायला नकोत? बसायच्या आधी थंडीचा उपाय म्हणून पालिंकाचा एक शॉट, फळांची दारू आहे, फळंच ती. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली की बायकोचं नाव घेऊन कठड्यावर बसायचं. आमच्याकडे हेही झालं. लाइफगार्डने पाणी आणून दिलं, साधं, प्यायचं. तेवढ्यात त्याचाही व्हिडिओ निघाला.

मनगटावरचा पट्टा हीच लॉकरची किल्ली. लॉकर कुठल्या रांगेत होता ते मात्र विसरायचं.

निघताना केस ओलेच ठेवून बाहेर पडा. सर्दी हीच खरी आठवण, फ्रिजवरच्या मॅग्नेटपेक्षा जास्त टिकते. माझी अजून आहे.

आता उपरोध बिपरोध पुरे झाला, माझ्याच्याने होत नाही.

अरे, अंघोळ करा आधी! काय अवघड आहे त्यात? दोन मिनिटं शॉवरखाली उभं राहा, साबण लावा, अंगावरचं ते क्रीम काढा, मग उतरा. तुम्ही लोकांच्या अंगाच्या पाण्यात चाललायत आणि ते तुमच्या. एवढंही समजू नये? आणि फोन आत ठेवा. लॉकरला कुलूप आहे, फोन कुठे पळून जात नाही. आठवण म्हणून फोटो हवा तर दारातून एक काढा, कपडे घातलेले असताना, इमारतीचा, काढून ठेवून द्या. कपडे काढून पाण्यात बसलेल्या अनोळखी बायकांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घ्यायला तुम्हाला लाज वाटत नाही का? हेच तुमच्या आईचं कोणी केलं असतं तर? तीच आई, कॉलवर होती ती. आणि "आपण काय रोज येतो का इथे" हे पुन्हा म्हणू नका माझ्यासमोर. रोज येत नाही म्हणूनच नीट वागायचं असतं. जे रोज येतात त्यांचं ते घर आहे, त्यांचा संध्याकाळचा कट्टा आहे, आणि आपण त्यात ट्रायपॉड घेऊन घुसतो.

मी गप्प बसले हेही चुकलंच. ट्रिप बिघडायला नको, वाईटपणा कशाला, म्हणून बुडी मारली. त्या बाई थंडीत उभ्या होत्या तेव्हा तो ट्रायपॉड मी उचलून बाजूला ठेवायला हवा होता, बोंबलला असता ग्रुप तर बोंबलू दे.

ती रील आली परवा. सत्तावीस सेकंदांची आहे. मागे मी पण दिसते, तोंड वाकडं करून. खाली कमेंट्समध्ये लोक विचारतायत तिकीट केवढ्याला, किती वाजता गेलात, आणि दादा सगळ्यांना प्रेमाने उत्तरं देतायत. दादा, हे वाचत असाल तर वाचाच. तुमच्या रीलमध्ये एक गोष्ट आलेली नाही, कारण तेव्हा तुम्ही गाणं निवडत होतात. ते आजोबा उठले, एका हाताने कंबर धरून वाफेतून पार पलीकडच्या काठापर्यंत चालत गेले, घोडा हुडकून आणला, त्यावरचं पाणी निथळवलं आणि पटावर तो जिथे होता बरोबर त्याच घरात परत ठेवला. मग दोघं जण तुम्ही बाजूला व्हायची वाट बघत बसले.