रविवारची गर्दी आणि आपली कोमट कॅपुचिनो

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी आपण आईंना घेऊन फर्ग्युसन रस्त्यालगतच्या आमच्या कॉफी शॉपमध्ये आलात, एका कॉफीवर तासन्‌तास बसलेल्या विद्यार्थ्यांमुळे टेबल उशिरा मिळाले, कॅपुचिनो 35 मिनिटांनी आली तीही कोमट, आणि गोंगाटात दोघांना धड बोलता आले नाही, असे आपण लिहिले आहे.

कॉफीबाबतचा दोष सर्वस्वी आमचा. कॅपुचिनोचे दूध 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्याहून फार तापवल्यास दुधाचा गोडवा जातो. त्यामुळे ती चहासारखी वाफाळती नसते. परंतु आपला कप तयार होऊन काउंटरवर तसाच पडून होता, हे आपण टाकलेल्या छायाचित्रातील बसलेल्या फेसावरूनही कळते.

बिया आधीच दळून ठेवल्या तर त्यांचा वास उडतो, म्हणून ग्राइंडरची घरघर आणि चोथा झाडताना होणारी ठकठक टाळता येत नाही. आपल्याला बोचलेली कर्कश शीळ मात्र टाळता आली असती. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागालगत धरली तर कागद फाटल्यासारखा हलका आवाज येतो. ती खोल बुडवून हवा आत जाऊ दिली नाही तर ती किंचाळते. त्या दिवशी मशीनवर नवा मुलगा होता, आणि ऐन रविवारी त्याला एकट्याला उभे करणे ही माझी चूक. शेजारच्या टेबलावरचा गलका हनुमान टेकडीवरून फिरून येणाऱ्या ज्येष्ठांचा होता. (त्यांतील दोघांना कमी ऐकू येते, म्हणून उरलेले सहा जण मोठ्याने बोलतात.)

विद्यार्थ्यांना उठवण्याची आपली सूचना मात्र मला मान्य करता येणार नाही. पेठांमधल्या अभ्यासिकांत बोलायला मनाई असते, खोलीवर जागा नसते, आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका एकमेकांना समजावून सांगायला ही मुले येथे येतात. तरीही चौघांच्या टेबलावर दोघेच बसले असतील, तर गर्दीच्या वेळी त्यांना लहान टेबलावर बसण्याची विनंती करता येते. आपल्या आई दाराशी उभ्या होत्या तेव्हा आम्ही ती करायला हवी होती.

बिल दाखवल्यास कॉफीचे पैसे परत मिळतील. आईंसह पुन्हा येणार असाल, तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीननंतर यावे. मागच्या अंगणातले टेबल तेव्हा मोकळे असते आणि तेथवर ग्राइंडर ऐकू येत नाही.