सर्वानुमते, तरीही हद्दीबाहेर

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत एक वाद पुन्हा पुन्हा पेटतो: फ्लॅट भाड्याने देऊन परदेशी राहणाऱ्यांकडून जास्त पैसे का घेऊ नयेत? ‘सभेने सर्वानुमते ठराव केला, विषय संपला,’ असं म्हटलं जातं. विषय तिथे संपत नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांत ‘अल्ट्रा व्हायरीस’ हा लॅटिन शब्दप्रयोग रुळलेला आहे. अल्ट्रा म्हणजे पलीकडे. व्हायरीस हे ‘विस’ म्हणजे बळ, याचं अनेकवचन. थोडक्यात, अधिकाराच्या हद्दीबाहेर. १८७५च्या ॲशबरी खटल्यात कंपनीच्या घटनापत्रात रेल्वेचे डबे बनवणं, विकणं, भाड्याने देणं असे उद्योग होते. संचालकांनी मात्र बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्यासाठी करार केला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो मुळातूनच रद्दबातल ठरवला. एकूण एक भागधारकांनी होकार दिला असता तरी तो जिवंत झाला नसता, हे त्या निकालाचं मर्म. कंपन्यांपुरता हा नियम पुढे कायद्याने सैल केला, सरकारी संस्थांना तो आजही लागू आहे.

आपल्याकडची हद्द ऑगस्ट २००१च्या सरकारी आदेशाने आखलेली आहे: बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लावलेली जादा रक्कम, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. चूक होते ती बिलात. समजा, महिन्याचं बिल ५,८०० रुपये; त्यात पगार, ऑडिट, सामाईक वीज असं सेवाशुल्क २,४००. बाकी पाणीपट्टी, मालमत्ता कर, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम). शुल्क होतं २४०. सोसायटी अख्ख्या बिलावर ५८० लावते. आईवडील, मुलं किंवा भावंडं राहत असतील, तर काहीच लावता येत नाही. सचिवांकडे बिलाची फोड लेखी मागा, लेखी हरकत नोंदवून पैसे भरा म्हणजे थकबाकीदार ठरणार नाही, आणि दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

इथलं, म्हणजे इंग्लंडमधलं, सगळं गोमटं नाही. लीजवरच्या, म्हणजे दीर्घ भाडेपट्ट्यावरच्या, फ्लॅटधारकाला जमीनमालकाच्या कारभारात सहसा मतच नसतं. पण मोठ्या दुरुस्तीआधी मालकाने फ्लॅटधारकांना रीतसर विचारणा केली नाही, तर त्याला प्रत्येकाकडून २५० पौंडांपुढे वसुली करता येत नाही; विचारणेतून सूट हवी तर त्याला न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. सभासदांच्या मालकीची आपली सोसायटी मला यापेक्षा कितीतरी न्याय्य वाटते. परदेशस्थ सभासद कमिटीचं काम करत नाहीत, ही भारतातल्या सभासदांची तक्रारही खरी आहे. त्यांनी निदान भाडेकरूची माहिती आणि भाडेकराराची प्रत वेळेवर द्यावी.