भुलीत सोडा घातला, तरी दाढ दुखलीच: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: 'भुलीच्या इंजेक्शनात सोडा मिसळला की दुखत नाही, असं तुम्ही लिहिलं. जळगावला माझी ठणकणारी खालची दाढ काढली, सोडा घातलेलीच भूल दिली, तरी जीव गेला. कंपनीच्या औषधात पाणी वाढवायचं आणि वर पैसे उकळायचे, हा धंदा आहे.'

आधी माझी चूक. 'दुखत नाही' हे मी लिहायलाच नको होतं. 'औषध आत जाताना आग कमी होते', एवढंच खरं. ते वाक्य आज बदललं.

आग का होते? लिग्नोकेन हे भुलीचं औषध; भूल जास्त वेळ टिकावी म्हणून त्यात अॅड्रेनालिन घालतात. अशा औषधाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट) साधारण ३.५ ते ४.५ असतो, म्हणजे आंबट ताकाच्या जवळपास. कंपनी मुद्दाम तसं ठेवते, नाहीतर अॅड्रेनालिन लवकर खराब होतं. पण त्या आंबटपणात लिग्नोकेनचे जवळजवळ सगळे कण विद्युतभारित असतात, आणि नसेच्या आवरणातून आत शिरतो तो बिनभाराचा कण. पीएच ३.९ ला असे कण दहा हजारांत एखादा; शरीराच्या ७.४ ला जवळपास चौथा हिस्सा. एरवी हा आंबटपणा शरीरच हळूहळू मोडतं. सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे हाच सोडा, ते काम सिरिंजमध्येच उरकतं, म्हणून भूल थोडी लवकरही चढू शकते. चिंचेच्या पाण्यात सोडा टाकल्यावर फसफसतं ना, तीच ही क्रिया. (बिबड्यांचा पापडखार मात्र डब्यातच राहू द्या! हा सोडा निर्जंतुक अँप्युलमधून, म्हणजे काचेच्या बंद कुपीतून, येतो.)

पाणी वाढवण्याबद्दल: दहा मिलीला एक मिली सोडा धरला, तर २ टक्क्यांचं औषध साधारण १.८ टक्के होतं. तेवढ्यानं भूल हुकत नाही. मिश्रण मात्र त्याच वेळी करून लगेच टोचायचं. सोडा जास्त झाला तर औषध साक्यासारखं खाली बसतं.

मग तुमची दाढ का दुखली? ठणकणाऱ्या दाढेभोवतीची जागा मुळातच आंबट झालेली असते आणि नसा चाळवलेल्या असतात. खालच्या जबड्यात भूल मागे, नसेच्या मुळाशी द्यावी लागते, आणि अशा दाढेला ती सोड्याशिवायही हुकते, सोड्यासकटही. यावरच्या अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. अशा वेळी दाढेच्या बाजूला आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध देतात, किंवा दाढ आणि हाड यांच्या फटीत थोडी भूल सोडतात. दुखतंय म्हटल्यावर हात थांबवून हे करायला हवं होतं. तुमचा राग तिथे रास्त आहे, फक्त तो सोड्यावर निघाला.

पैशांचं म्हणाल तर अँप्युल स्वस्त असते. बिलात त्याची मोठी रक्कम वेगळी लावली असेल, तर सरळ विचारा. माझ्याकडे मी लावत नाही. खरं सांगू? औषध हळू सोडलं, मिलीला मिनिटभर घेतला, तर आग तशीच कमी होते, आणि त्याला तर काहीच खर्च नाही.