होल्मने तासांचा हिशेब कुणाकडे मागायचा?

पदकं चावणाऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर सोनेरी अक्षरांत छापलेला एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मजकूर साधारण असा: पाचव्या वर्षाच्या आत एकच खेळ धरा, दहा हजार तास सराव करा, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनसारखं अपयश पचवा, कधीच थांबू नका, पैसा आणि सुख आपोआप मागे येईल. वाचायला झकास आहे, पण तपासायला घेतलं की एकेक ओळ निसटते.

आधी ते दहा हजार तास. हा आकडा खेळाच्या मैदानावरून आलेलाच नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होता. सरासरी, म्हणजे त्याच गटात त्याहून बराच कमी सराव झालेलेही होते. तेवढे तास भरले की माणूस अव्वल होतो, असं एरिक्सन कधी म्हणाले नाहीत. आपल्या अभ्यासाचा असा अर्थ लावण्यावर त्यांनी पुढे स्वतःच हरकत घेतली.

आता ओसाका, 2007. जागतिक स्पर्धेतली उंच उडी. एका बाजूला स्वीडनचा स्टेफान होल्म, 2004 चा ऑलिंपिक विजेता. उंची जेमतेम 1.81 मीटर, उंच उडीच्या मानाने बुटकाच. लहानपणापासून याच एका खेळात मुरलेला. दुसऱ्या बाजूला बहामाजचा डोनाल्ड थॉमस. हा मुळात बास्केटबॉलवाला. कॉलेजात कुणीतरी डिवचलं म्हणून पैजेवर उडी मारायला गेला आणि पहिल्याच दिवशी सात फूट ओलांडून आला. ही पैज लागली 2006 मध्ये. दीडेक वर्षात तो 2.35 मीटर उडी मारून जगज्जेता झाला आणि होल्म चौथा आला! थॉमसचं अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोरीसारखा बंध, त्याच्या उंचीच्या मानाने विलक्षण लांब आहे. उडीच्या क्षणी ते स्प्रिंगसारखं काम करतं. ते काही सरावाने मिळत नाही. याचा अर्थ होल्मची मेहनत वाया गेली असा मुळीच नाही. त्या उंचीच्या माणसाने 2.40 मीटर ओलांडणं हे सरावाचंच फळ. पण तास मोजून पदक मिळत असतं, तर त्या दिवशी निकाल उलटा लागला असता.

‘पाचव्या वर्षाच्या आत’ म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टायगर वूड्स असतो, दोन वर्षांचा असताना टीव्हीवर गोल्फची काठी फिरवणारा. फेडरर मात्र लहानपणी फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन, सगळंच खेळला. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने वल्हं हातात घेतलं ते 2008 मध्ये, विशी उलटल्यावर, आणि 2012 मध्ये ती ऑलिंपिक विजेती झाली. जिम्नॅस्टिक्समध्ये लवकर सुरुवात लागते, हे कबूल. पण एका खेळाचा नियम सगळ्या खेळांना कसा लावणार? आणि लवकर सुरुवात केल्याची किंमत हवी असेल तर जेनिफर कॅप्रियाती आठवा. चौदावं लागायच्या आत व्यावसायिक टेनिस, सोळाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि त्यानंतर लवकरच थकून खेळापासून दूर. ती परतली, 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. मधल्या काळात, 1995 मध्ये, महिला टेनिसने कोवळ्या मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावर बंधनं घातली, ती उगाच नव्हे.

जॉर्डनला ‘शाळेच्या संघातून हाकललं’ हेही तसंच. 1978 मध्ये त्याला शाळेच्या मुख्य संघाऐवजी ज्युनियर संघात ठेवलं, इतकंच. त्या वयाच्या मुलांचं बहुधा तसंच होतं. तिथे तो भरपूर खेळला आणि पुढे उंचीही वाढली.

पैशाबद्दल फार बोलायला नको. माइक टायसनने 30 कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि 2003 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अकरा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बियॉन बोर्गने सव्विसाव्या वर्षीच निवृत्ती जाहीर केली. सुख मागे लागलेला माणूस असा पळत नाही.

राहिलं ‘कधीच थांबू नका’. टोकियोत, 2021 च्या सांघिक अंतिम फेरीत, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, जेमतेम दीड झाली. हवेत आपण नेमके कुठे आहोत हेच तिला कळेना. तशा अवस्थेत पुढची उडी म्हणजे मान मोडण्याची जोखीम. ती थांबली. लोकांनी पळपुटी म्हणून घेतलं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि त्या मेसेजवरच्या फोटोंत आता तीही आहे.