"बायको-मुलं आहेत ना, मग मृत्युपत्र कशाला?" या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात म्हणणं असं की लग्न झालंय, मुलं आहेत, तर मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, नवऱ्यामागे सगळं कायद्यानेच बायकोला जातं आणि तिच्यामागे मुलांना, नॉमिनी लावला की झालं, फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर विषयच संपला, आणि एवढं करून हौसच असेल तर वकील, स्टॅम्प, रजिस्ट्रेशनचा खर्च साठीनंतर करा. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, सभासद वारल्यानंतरच्या ट्रान्सफरच्या फाइली समोर येतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. एक आधीच सांगतो, खालचं सगळं हिंदू वारसा कायद्याबद्दल आहे, तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे, ते यात घुसडत नाही.

"सगळं आपोआप बायकोला जातं."

नाही जात. १९५६ च्या कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता वर्ग १ च्या वारसांना सारख्या वाट्याने मिळते, आणि त्यात बायको, मुलगे, मुली यांच्या जोडीला त्याची आईसुद्धा येते. (वडील येत नाहीत, ते वर्ग २ मध्ये. का, ते कायदा करणाऱ्यांनाच माहीत.) आता समजा चाळिशीतला माणूस गेला, मागे बायको, दोन लहान मुलं आणि आई, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. बायकोच्या वाट्याला त्या फ्लॅटचा चौथा हिस्सा येतो, बस. दोन हिस्से मुलांचे, एक सासूबाईंचा. पुढे सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या की त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांना जाणार, म्हणजे सासरे असतील तर सासरे, दीर, नणंद, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याचं या दोन मुलांना. दीर देवमाणूस असेल, हसत हसत हक्कसोड करून देईल, पण राहतं घर विकायला त्याची सही मागायची वेळ आली ना? आणि नणंद परदेशात असली तर तिची पॉवर ऑफ ॲटर्नी मागवा, ती तिकडच्या वकिलातीतून करून घ्या, सगळं आलंच.

पण खरी अडचण त्याच्याही पुढे आहे आणि मेसेजवाल्याला तिचा पत्ताच नाही. मुलं अठराच्या आतली आहेत, कायद्याच्या भाषेत अज्ञान, आणि आता ती फ्लॅटची मालक झालीत. आई त्यांची नैसर्गिक पालक आहे, सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" असं लिहिलेलं पाहिलं असेल, ते हेच. पण पालक आहे म्हणून तिला मुलांचा हिस्सा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी लागते, तीसुद्धा मुलांची गरज किंवा स्पष्ट फायदा दाखवून. परवानगी न घेता विकला तर पोरगं सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं, त्यामुळे शहाणा खरेदीदार असल्या फ्लॅटला हात लावत नाही आणि त्याची बँक कर्ज देत नाही. म्हणजे बाईला माहेरच्या गावी जाऊन राहायचंय, किंवा हप्ते झेपत नाहीत म्हणून लहान घर घ्यायचंय, आणि ती मुलांच्या भल्यासाठीच विकतेय हे आधी न्यायाधीशाला पटवत बसलीये. नवऱ्याने कागदावर "माझा फ्लॅट माझ्या पत्नीस" एवढी एक ओळ नीट साक्षीदारांसमोर लिहिली असती तर हे काहीच झालं नसतं.

"नॉमिनी लावलाय ना!"

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात बँक किंवा कंपनी पैसे देऊन मोकळी होते तो माणूस. मालक कोण हे वारसा कायदा नाहीतर मृत्युपत्र ठरवतं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. आता बँकेत चार नॉमिनी लावता येतात म्हणून काहीजण खूश आहेत, लावा की, पैसे लवकर हातात येतात हे खरंच आहे, पण त्याने मालकी ठरत नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा, आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर बायको, नवरा, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांचेच होतात. मेसेजमध्ये बहुतेक तेवढंच उचलून सगळ्याला चिकटवलंय.

सोसायटीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ नंतर सरळ लिहिलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. आमच्याकडे फाइली उघडल्या की कितीतरी वेळा नॉमिनेशन फॉर्मवर लग्नाआधी टाकलेलं नाव तसंच असतं, कधी आईचं, कधी भावाचं, आणि बायको काउंटरच्या पलीकडे मॅरेज सर्टिफिकेट घेऊन उभी. मग आम्ही तिला सक्सेशन सर्टिफिकेट (वारस कोण ते सांगणारा कोर्टाचा दाखला), नाहीतर सगळ्या वारसांचं आपसातलं लेखी आणा म्हणतो, आणि ती आमच्याकडे असं बघते की जणू तिचं घर आम्हीच खाल्लंय.

"फ्लॅट दोघांच्या नावावर आहे."

चांगलंय, निम्मा तरी तिचा राहील. नवऱ्याचा निम्मा आपोआप तिच्याकडे सरकत नाही, तो वरच्याच हिशोबाने बायको, मुलं, आई यांच्यात वाटला जातो. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" खात्याचंही तसंच, बँक मागे राहिलेल्याला पैसे देते, बाकीच्या वारसांचा हक्क त्याने पुसला जात नाही.

आणि हो, या मेसेजमध्ये मरतो तो कायम नवराच! बायकोच्या नावावर काही असू शकतं हे त्यात कुठेच नाही. विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं नवरा आणि मुलांमध्ये वाटलं जातं, आणि ते असेपर्यंत तिच्या आईवडिलांना त्यातलं काही मिळत नाही, मग भले ती त्यांचा दवाखाना स्वतःच्या पगारातून चालवत असो. ज्यांना आईसाठी काही ठेवायचंय अशा नोकरदार मुलींनी तर हे आजच लिहावं.

"वकील, स्टॅम्प, रजिस्ट्रेशन, फार खर्च."

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, नोटरीही लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. लागतं काय, तर तुमची सही आणि निदान दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि तुमच्यासमोर स्वतः सही केलीये. इथेच लोक घोळ करतात, कागद सही करून ठेवतात आणि साक्षीदाराला चार दिवसांनी "इथे एक सही ठोक रे" म्हणतात. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण बघा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला तर पुरावा म्हणून असू दे, पण तो व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. आणि रजिस्टर केलेलं मृत्युपत्र पक्कं, ते बदलता येत नाही, हाही एक गैरसमज. नंतर रीतसर केलेलं साध्या कागदावरचं मृत्युपत्रही आधीच्या रजिस्टर्डला रद्द करतं. बक्षीसपत्राशी गल्लत होते लोकांची, ते जिवंतपणीच देऊन टाकणं असतं, मृत्युपत्र तुम्ही जिवंत असेपर्यंत कितीदाही फिरवता येतं.

"साठीनंतर बघू."

साठीनंतर मुलं कमावती असतात, तेव्हा गरज कमीच. मुलं बालवाडीत असताना आईबाप दोघंही एकाच गाडीत असतात, आणि अपघातात दोघंही गेले तर मुलं कोणाकडे हे सांगायची जागा मृत्युपत्रच आहे. बापाने त्यात पालक नेमला तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक लागू होत नाही, आणि तिने स्वतःच्या मृत्युपत्रात कोणी नेमला असेल तर तोच चालतो, म्हणून दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करावीत आणि दोन्हीत एकच नाव टाकावं. दोघांनीही काहीच लिहिलं नसेल तर आजी, मामा, काका यांच्यात एकमत होईलच असं नाही, आणि झालं नाही की प्रकरण कोर्टात.

शेवटी दोन गोष्टी, या मेसेजमध्ये नाहीत पण विचारतात लोक. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, बहिणीचा हिस्सा मुलाच्या नावे करून चालत नाही. आणि "यापुढे जी काही मालमत्ता मी मिळवेन तीसुद्धा" असं एक वाक्य टाकाच, म्हणजे दर नव्या एफडीला नवा कागद नको. मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका, तो लॉकर उघडायलाच आधी वारस कोण ते विचारतील.