‘ऑल फाइल्स’ देऊन टाकू नका

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत कुठल्या कोडला कुठल्या फाइलीवर काय करू द्यायचं, ते पॉलिसी फाइलमध्ये लिहितात. ती कशी लिहावी हे शिकवणारा एक फॉरवर्ड बडोद्याच्या कॉलेज-ग्रुपांतून फिरत माझ्या दांडिया बाजारातल्या भाचीपर्यंत पोचला. नुकतीच नोकरीला लागलीय, जावा ८ वरचा एक जुना सर्व्हर तिच्या गळ्यात आहे. ‘मामा, हे असंच करू ना?’ असं तिनं विचारलं, म्हणून हे लिहायला बसलो.

त्यातली सगळ्यात घातक ओळ अशी: ‘अ‍ॅक्सेस डिनाइड आलं की ऑल फाइल्सवर रीड-राइट देऊन मोकळं व्हा.’ अहो, मग पॉलिसी लिहायचीच कशाला? अशानं त्या कोडला डिस्कवरच्या कुठल्याही फाइलीत लिहायची मुभा मिळते. फाइल-अपलोडमध्ये एखादी चूक राहिली, की बाहेरचा माणूस हवी ती फाइल बदलू शकतो. फाइलपरमिशन क्लासच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच बजावलंय की राइटसकट ही परवानगी विशेष धोक्याची, कारण तिच्या जोरावर सिस्टिमच्या बायनरी (चालणाऱ्या प्रोग्रॅम-फाइली), खुद्द जावाचं रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा भागसुद्धा बदलता येतो. पहारेकरीच बदलता आला तर बाकीचे नियम कोण पाळणार?

शिवाय त्या एररमध्येच कुठल्या फाइलीवर कुठली कृती अडली ते लिहिलेलं असतं. भाचीचं अडलं होतं ‘/डेटा/अहवाल’ या डिरेक्टरीच्या रीडवर. तिनं ‘/डेटा/अहवाल/*’ दिलं होतं, आणि फॉरवर्ड म्हणतो की ‘/* मध्ये सगळं आलं’. नाही आलं. ‘/*’ म्हणजे फक्त त्या डिरेक्टरीत थेट असलेलं, एकच पातळी. आतल्या डिरेक्टऱ्यांसकट सगळं हवं तर ‘/-’. आणि या दोन्हींत ती डिरेक्टरी स्वतः धरलेली नसते. तिची यादी वाचायची तर तिच्यावर वेगळं रीड द्यावं लागतं. एका ओळीचं काम होतं.

‘राइटमध्ये डिलीट आलंच’ हेही चूक, डिलीट वेगळं मागावं लागतं. ‘नको त्या फाइलीवर डिनाय लिहा’ म्हणे! जावाच्या पॉलिसीत डिनाय, म्हणजे मनाई, नाहीच; फक्त ग्रँट, म्हणजे परवानगी, आहे. आणि नुसती पॉलिसी फाइल ठेवून काही होत नाही, ते नियम अमलात आणणारा जावाचा सिक्युरिटी मॅनेजर चालू असावा लागतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. एकाच प्रोग्रॅममधल्या एका जारला (जार म्हणजे जावा कोडचं गाठोडं) एक परवानगी आणि दुसऱ्या जारला दुसरी, हे पॉलिसीनं जमतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-परवानग्यांनी जमत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिमनं नाही म्हटलं, तर जावाच्या ग्रँटनं ती फाइल उघडत नाही.

फॉरवर्डमधलं ‘सगळ्या व्हर्जनला चालतं’ हे मात्र साफ खोटं. २०२१ च्या जावा १७ पासून सिक्युरिटी मॅनेजर काढून टाकायच्या यादीत गेला आणि मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये कायमचा बंद झाला; तो चालू करायचा पर्याय दिला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. नव्या सर्व्हरवर जावासाठी वेगळा युजर काढा, त्याला लागतील तेवढ्याच डिरेक्टऱ्या द्या, कंटेनर (प्रोग्रॅमला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणारी चौकट) वापरत असाल तर बाकीचं रीड-ओन्ली ठेवा.